विश्लेषण : रेसिंग गेममध्ये कुणाला ‘न वळणारी’ गाडी हवी, तर कुणाला ‘शेपूट फिरवणारी’, असे का?

गेम एक, गाडी एक, ट्रॅकही एक. तरी दोन मित्रांपैकी एक म्हणतो, ‘ही वळतच नाही’ आणि दुसरा म्हणतो, ‘ही फारच फिरते’. दोघेही खरे बोलत असतात. गाडीचा हा स्वभाव, म्हणजे तिचा ‘हँडलिंग बॅलन्स’, कुणाला कसा आवडतो हे हातातल्या साधनावर, सवयीवर आणि खेळण्याच्या हेतूवर ठरते. नाशिककरांसाठी हा प्रश्न पडद्यापुरता उरत नाही. गाड्यांचा मोठा कारखाना शहरातच आहे, राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या जिल्ह्यातल्या मातीत झाल्या आहेत आणि कसारा घाट तासाभराच्या अंतरावर आहे. फोनवर किंवा कन्सोलवर लागलेली सवय घाटात कामी येते की घात करते, हे समजून घ्यायचे तर सुरुवात टायरपासून करावी लागते.

अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर म्हणजे नेमके काय?

वळणावर चारही टायर किंचित तिरके सरकतात. टायरचे तोंड एका दिशेला असते आणि तो प्रत्यक्षात थोड्या वेगळ्या दिशेने जातो. हा फरक पुढच्या टायरांत जास्त असेल, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडीचे नाक वळणाबाहेर जाऊ लागते. हा अंडरस्टिअर. फरक मागच्या टायरांत जास्त असेल, तर मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळते. हा ओव्हरस्टिअर. पुढची-मागची पकड सारख्याच वेगाने सुटत असेल, तर त्या गाडीला ‘न्यूट्रल’ म्हणतात. सोप्या शब्दांत, अंडरस्टिअरमध्ये चालकाला समोरचा कठडा जवळ येताना दिसतो. ओव्हरस्टिअरमध्ये तो दिसत नाही, कारण त्यावर गाडीची मागची बाजू आदळणार असते.

कांद्याच्या ट्रॉलीशी याचा काय संबंध?

लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला हे शास्त्र पुस्तकाशिवाय माहीत असते. भरलेल्या दोनचाकी ट्रॉलीचा भार हुकवर आला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग फिरते, पण ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. चढावर तर हे आणखी जाणवते. हा अंडरस्टिअरच. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणून जाणता गाडीवान पोती पुढे सरकवतो. ज्या चाकावर भार, त्या चाकाला पकड, हा नियम ट्रॅक्टरला, बैलगाडीला आणि गेममधल्या फेरारीला सारखाच लागू होतो.

फरक एवढाच, की धावत्या गाडीत हा भार सतत जागा बदलतो. ब्रेक दाबला की तो पुढे येतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे जातो. १,००० किलोची गाडी घेतली, तिच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच धरला, तर जोरदार ब्रेकमध्ये सुमारे १७५ किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर येतो. म्हणून वळणाच्या मध्यावर घाबरून अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला, की मागची चाके हलकी होतात आणि एरवी शांत वाटणारी गाडी गर्रकन फिरते. गेममध्ये नवख्या खेळाडूची गाडी बहुतेक वेळा इथेच उलटी तोंड करून उभी राहते.

रस्त्यावरच्या गाड्या मुद्दाम ‘न वळणाऱ्या’ का बनवतात?

गाडी बनवणारे अभियंते रोजच्या वापराच्या गाडीला थोड्या अंडरस्टिअरकडे झुकवतात. याचे कारण माणसाच्या स्वभावात आहे. गाडी वळत नाही असे वाटताच सामान्य चालक दोन गोष्टी आपोआप करतो, पाय उचलतो आणि स्टिअरिंग आणखी फिरवतो. अंडरस्टिअरमध्ये पाय उचलणे हाच अर्धा उपाय असतो. वेग कमी होतो, भार पुढे येतो, पकड परत मिळते. ओव्हरस्टिअरमध्ये मात्र उपजत प्रतिक्रिया उलट पडते. तिथे स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने, म्हणजे वळणाच्या उलट बाजूला द्यावे लागते आणि तेही अर्ध्या सेकंदाच्या आत. हे कसब सरावाशिवाय येत नाही.

या समस्येवर इलेक्ट्रॉनिक उपायही आहे. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा बॉशने विकसित केली आणि १९९५ मध्ये मर्सिडीझच्या गाडीत ती पहिल्यांदा आली. गाडी अंडरस्टिअर करू लागली की ही यंत्रणा आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावते. ओव्हरस्टिअर झाला की बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका वाहन-मासिकाच्या चाचणीत अचानक आलेला अडथळा चुकवताना मर्सिडीझची नवी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने त्या छोट्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट दिली. गेममधले ‘स्टॅबिलिटी’ आणि ‘ट्रॅक्शन कंट्रोल’चे बटण हे याच यंत्रणांचे पडद्यावरचे रूप.

नाशिकच्या गाड्यांचा स्वभाव कसा?

महिंद्राच्या नाशिक प्रकल्पाने २००२ मध्ये आलेली पहिली स्कॉर्पिओ घडवली. एक्सयूव्ही ३०० आणि पुढे तिची जागा घेणारी ३एक्सओ हीदेखील इथलीच, आणि थारही. यांत गेमर मंडळींना रस वाटावा असा फरक आहे. ३एक्सओमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला तर पुढच्या टायरांवर वळण्याचे आणि ओढण्याचे अशी दोन कामे येतात आणि नाक बाहेर जाते. स्कॉर्पिओ आणि थारमध्ये मूळ ताकद मागच्या चाकांना जाते. ओल्या रस्त्यावर घाई केली तर मागची बाजू सैल होऊ शकते. शिवाय उंच गाड्यांचा गुरुत्वमध्य वर असल्याने भाराची ही अदलाबदल त्यांच्यात अधिक होते. गेममध्ये गाडी निवडताना ‘एफएफ’, ‘एफआर’, ‘फोर डब्ल्यूडी’ अशी जी अक्षरे दिसतात, त्यांचा अर्थ हाच आहे.

फोनवर अंडरस्टिअर का आवडतो?

खऱ्या गाडीत घसरणीची पहिली बातमी डोळ्यांना मिळत नाही. ती पाठीला, कमरेला आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला मिळते. मागची बाजू सुटते आहे हे चालकाला सीटमधून कळते. फोनवर ही सगळी वाट बंद असते. उरतात ते फक्त डोळे आणि टायरचा आवाज, आणि नाशिक रोडहून निघालेल्या रेल्वेगाडीच्या गर्दीत खेळताना तोही बहुधा बंदच असतो. गाडी फिरली हे डोळ्यांना दिसेपर्यंत ती बरीच फिरलेली असते. माणसाची प्रतिक्रिया यायला साधारण पाव सेकंद लागतो, त्यात स्क्रीनचा विलंब मिसळतो. त्यात फोनवरचे बटण म्हणजे ‘पूर्ण डावीकडे’ किंवा ‘काहीच नाही’. मधले काही नाही. अशा साधनावर शेपूट फिरवणारी गाडी सांभाळणे म्हणजे हातोड्याने घड्याळ दुरुस्त करणे.

म्हणून फोनवर, कीबोर्डवर आणि काही प्रमाणात गेमपॅडवर खेळणाऱ्यांना थोडी अंडरस्टिअर करणारी, ‘आज्ञाधारक’ गाडी आवडते. हे त्यांचे कमी कौशल्य नव्हे, तर साधनाशी केलेला शहाणा समझोता आहे. गेम बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. ‘रिअल रेसिंग ३’ हा २०१३ मधला फोनवरचा गेम ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत सुरुवातीपासूनच देऊ करत असे. २०१८ च्या ‘अस्फाल्ट ९’मध्ये तर गाडी आपोआप वळवणारी पद्धत आहे, खेळाडूने फक्त वेळ साधायची.

आणि स्टिअरिंग व्हील घेतले की आवड का बदलते?

‘फोर्स फीडबॅक’ असलेल्या व्हीलमध्ये मोटर असते. वळणात खऱ्या गाडीचे पुढचे टायर स्टिअरिंगला सरळ करू पाहतात, तो जोर ही मोटर हातांना देते. पुढची पकड सुटू लागली की व्हील अचानक हलके लागते. मागची बाजू सुटली की व्हील स्वतःहून उलट बाजूला फिरू पाहते. म्हणजे सीटमधून मिळणारी बातमी हातांतून मिळू लागते. स्टिअरिंग आणि पेडल दोन्ही थोडे-थोडे दाबता-फिरवता येतात. त्यामुळे फोनवर अंडरस्टिअरची सवय असलेला खेळाडू व्हील घेतल्यावर काही आठवड्यांत म्हणू लागतो, की गाडी ‘मेलेली’ वाटते, नाक लवकर आत यायला हवे. आवड बदलली असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्याकडे येणारी माहिती वाढलेली असते.

तिसरा घटक हेतूचा. एकच वेगवान लॅप मारायची असेल तर थोडी सैल, पटकन वळणारी गाडी उपयोगी पडते. वीस लॅपच्या शर्यतीत तीच गाडी मागचे टायर लवकर झिजवते आणि मनही थकवते; तिथे स्थिर गाडी जिंकते. ड्रिफ्टची मजा हवी असेल तर ओव्हरस्टिअरच खेळाचा गाभा असतो. १९९३ मध्ये आलेल्या ‘रिज रेसर’ने वळणावर गाडी आडवी घालण्याला खेळाचे मुख्य कौशल्य केले. त्या परंपरेतले आर्केड गेम घसरण्याला बक्षीस देतात. १९९७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो’पासून वाढलेली दुसरी परंपरा, आणि पुढे ‘आयरेसिंग’ व ‘असेटो कोर्सा’सारखी सिम्युलेशन, घसरण्याला वेळेचा दंड लावतात. एका गेममधली आवड दुसऱ्यात नेली की म्हणूनच भांडण होते.

जगज्जेत्यांमध्येही एकमत नाही का?

नाही. मॅक्स व्हर्स्टापेनला पुढची बाजू अत्यंत तीक्ष्ण आणि मागची सैल अशी गाडी चालते. २०१९-२० मध्ये त्याचा सहकारी असलेल्या अ‍ॅलेक्स अल्बनने नंतर या गाडीचे वर्णन करताना चक्क कॉम्प्युटर गेमची उपमा दिली होती. माउसची संवेदनशीलता कमालीची वाढवल्यावर बाण जसा जराशा हालचालीने पडद्यावर इकडून तिकडे धावतो, तशी ती गाडी, असा त्याचा आशय होता. याउलट २००९ चा विजेता जेन्सन बटन मागची बाजू स्थिर असेल तेव्हाच सर्वोत्तम चालवायचा. दोघेही विश्वविजेते आहेत. योगायोगाने व्हर्स्टापेन स्वतः सिम्युलेटर शर्यतींत ‘टीम रेडलाइन’कडून नियमित उतरतो.

गेममधली समज खऱ्या ट्रॅकवर चालते याचा सर्वात ठळक पुरावा जॅन मार्डनबरोचा. ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळणाऱ्यांतून चालक निवडणारी जीटी अकॅडमी ही स्पर्धा त्याने २०११ मध्ये जिंकली आणि २०१३ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. पण गेम आणि ल मान्स यांच्यामध्ये त्याने खऱ्या गाडीतले कसून प्रशिक्षण घेतले होते, हे विसरून चालणार नाही.

नाशिकच्या रॅलीत शेपूट का हवी?

इंडियन नॅशनल रॅली चॅम्पियनशिपच्या फेऱ्या नाशिक परिसरात झाल्या आहेत. कच्च्या रस्त्यावर गणित उलटते. सैल माती-खड्यांवर पुढच्या टायरांची पकड इतकी कमी असते, की फक्त स्टिअरिंगच्या भरवशावर गाडी वळत नाही. म्हणून रॅलीचालक ब्रेकने भार पुढे आणतो, मागची बाजू मुद्दाम सैल करतो आणि वळणाच्या आधीच गाडीचे तोंड बाहेर पडण्याच्या दिशेने करून घेतो. इथे ओव्हरस्टिअर हे वळण्याचे साधन आहे. २००४ चा ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ किंवा २०१९ चा ‘डर्ट रॅली २.०’ खेळणाऱ्यांना हे लगेच ओळखू येईल. मात्र रॅलीचा टप्पा इतर वाहतुकीसाठी बंद असतो, गाडीत रोलकेज असतो, चालकाशेजारी पुढचे वळण वाचून दाखवणारा सहचालक असतो.

आपल्या आवडीप्रमाणे गेममधली गाडी कशी बदलावी?

आधी तक्रार नेमकी करावी. ‘गाडी वळत नाही’ हे पुरेसे नाही. वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना, हे पाहावे. अनेकांना प्रत्यक्षात शिरताना स्थिर आणि मध्यावर पटकन फिरणारी गाडी हवी असते.

- शिरताना मागची बाजू सुटत असेल, तर ब्रेक बायस थोडा पुढच्या चाकांकडे न्यावा. नाक आत येत नसेल, तर किंचित मागे.
- मध्यावर गाडी बाहेर जात असेल, तर पुढचा अँटी-रोल बार एक पायरी मऊ किंवा मागचा एक पायरी कडक करावा. फार फिरत असेल, तर याच्या उलट.
- फक्त वेगवान वळणांत मागची बाजू हलत असेल, तर मागच्या विंगचा कोन वाढवावा. सरळ रस्त्यावरचा वेग थोडा घटेल. हळू वळणांत विंगचा उपयोग जवळजवळ नसतो.
- बाहेर पडताना मागची चाके फिरत असतील, तर सेटअपआधी अंगठा तपासावा. अ‍ॅक्सिलरेटर हळू उघडणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे.
- एका वेळी एकच बदल करावा आणि किमान पाच लॅप चालवून पाहाव्यात.

मदतीची बटणे बंद करतानाही क्रम पाळावा. आधी स्टिअरिंगची मदत, मग स्टॅबिलिटी, मग ट्रॅक्शन कंट्रोल आणि शेवटी एबीएस. सगळे एकदम बंद केले तर गाडीचा खरा स्वभाव कळण्याआधी फक्त वैताग येतो.

हे सारे कसारा घाटात किती कामाचे?

काही गोष्टी नक्कीच कामाच्या. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावणे, नजर कठड्याकडे न ठेवता जिथे जायचे तिथे ठेवणे आणि नाक बाहेर जात असेल तर स्टिअरिंग आणखी न फिरवता पाय हलका करणे, या सवयी चांगला गेम लावतो. पण तीन गोष्टी गेम शिकवत नाही.

पहिली, पकड डोळ्यांना दिसत नाही. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या डांबराची चांगली पकड धरली तर टायर साधारण ५५ किलोमीटर वेगापर्यंत साथ देतात. इगतपुरीच्या पावसात पकड निम्म्यावर आली, तर तीच मर्यादा सुमारे ३९ वर येते. पहिल्या पावसात तेल आणि धुळीचा थर भिजून ती आणखी घसरते. गेममध्ये ट्रॅकची पकड पडद्यावर लिहून येते. घाटात ती येत नाही.

दुसरी, सार्वजनिक रस्त्यावर मर्यादेपर्यंत जायचेच नसते. ट्रॅकवर ९८ टक्के पकड वापरणारा हुशार ठरतो. घाटात समोरून वळण कापत येणाऱ्या ट्रकसाठी, रस्त्यात उभ्या दुचाकीसाठी, कोसळलेल्या दरडीसाठी अर्धी पकड हातात राखून ठेवावी लागते. स्टॅबिलिटी कंट्रोलही टायरला नसलेली पकड देऊ शकत नाही.

तिसरी, ‘रीस्टार्ट’. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत एक लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला आणि त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड.

ज्याला गाडीची शेपूट खरोखर अनुभवायची आहे, त्याच्यासाठी एफएमएससीआयच्या मान्यतेने होणाऱ्या ऑटोक्रॉस आणि रॅली स्पर्धा हा मार्ग आहे. तिथे रस्ता बंद असतो, हेल्मेट सक्तीचे असते आणि रुग्णवाहिका उभी असते. तोवर गेममध्ये गाडी हवी तशी फिरवावी. घाट उतरताना मात्र अभियंत्याने दिलेली ‘थोडी न वळणारी’ गाडीच बरी. ती कंटाळवाणी वाटते, कारण चूक झाल्यावर सावरायला ती वेळ देते.